पहिलं घर बांधताय? आधी पाण्याचा हिशेब मांडा

माझ्याकडे येणारा माणूस बसायच्या आधीच मोबाइल पुढे करतो. त्यात कुठल्यातरी बंगल्याचा फोटो असतो आणि प्रश्न ठरलेला, "मिस्त्री, चौरस फुटाला काय घेता?" मी भाव सांगतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण माझ्या डोक्यात तोवर दुसराच प्रश्न फिरत असतो. याच्या प्लॉटवरचं पाणी जातं कुठे?

छत्तीस वर्षं झाली या धंद्यात. नाशिकच्या सिडकोत घरांची कामं जोरात होती तेव्हा मामाच्या हाताखाली घमेलं उचलायला लागलो. मग थापी हातात आली, आता स्वतःची दहा-बारा माणसं आहेत. एवढ्या वर्षांत कोसळलेलं घर मी एकही पाहिलं नाही. फुगलेल्या फरश्या, ओल आलेल्या भिंती, सळई गंजून फुटलेले छज्जे मात्र खूप पाहिले, आणि दुरुस्तीला हात घातला की शेवटी पाण्यापाशीच येऊन थांबायचो. नको तिथे पोचलेलं, नाहीतर हवं तिथे न मिळालेलं. गुंठा-दीड गुंठ्यात पहिल्यांदाच घर बांधणाऱ्यासाठी हे लिहितोय. हॉल केवढा, किचन कुठे, ते आर्किटेक्टकडून समजून घ्या.

आधी एक खड्डा

नकाशा काढायच्याही आधी प्लॉटवर चार बाय चार फुटांचा एक खड्डा घ्या. जमलं तर मे महिन्यात. दोन माणसांचं एका दिवसाचं काम आहे, पण पुढचे कितीतरी निर्णय त्यावर ठरतात. खणताना बाजूला उभे राहा आणि कान द्या. काळ्या मातीत पहार आवाज न करता आत जाते. मुरूम लागला की कर्रकन वाजते. कातळ आला की हाताला झिणझिण्या येतात. तो आवाज किती फुटांवर बदलला, ते लिहून ठेवा आणि इंजिनिअरला सांगा.

मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव या अंगाला काल-परवापर्यंत द्राक्षबागा आणि भाजीचे मळे होते. मळ्याला चांगली ती माती घराला वाईट. काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, भेगा अशा पडतात की आत पंजा जातो. पावसात तीच माती पाणी पिते आणि फुगते. तिच्यावर पाया ठेवलात तर घर दरवर्षी थोडं उचललं जाणार आणि थोडं बसणार, तेही सगळीकडे सारखं नाही. मग दाराच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते. ती पुट्टीने बुजवली तरी पुढच्या वर्षी परत येते. आपल्या भागात काळ्या मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण सापडतो, फक्त किती खाली ते सांगता येत नाही. एका प्लॉटला तीन फुटांवर मुरूम आणि रस्त्यापलीकडे नऊ फूट गेलो तरी काळीच, असं मी स्वतः खणलेलं आहे.

जागा नदी-नाल्याजवळ असेल तर पूररेषा बघा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आपल्याकडे पूर मोजायची जुनी पट्टी म्हणजे गोदाकाठचा दुतोंड्या मारुती. गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, गळ्याला पाणी, आणि मारुती बुडाला की गावाला कळतं. २००८ चा आणि २०१९ चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना विचारा, पाणी कुठल्या गल्लीपर्यंत आलं होतं. नासर्डी नदीच्या काठाला प्लॉट स्वस्त मिळाला म्हणून खूश होणारे उन्हाळ्यात बघायला गेलेले असतात.

कागदाचं थोडक्यात सांगतो. जमीन बिनशेती आहे का, लेआउट मंजूर आहे का, महापालिकेची बांधकाम परवानगी, जोत्यापर्यंत, म्हणजे घराच्या तळाच्या फरशीच्या पातळीपर्यंत, काम आलं की जोते तपासणी, शेवटी भोगवटा दाखला. यातलं एकही "नंतर बघू" म्हणून मागे टाकू नका. आणि आरसीसीचं, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटचं, डिझाइन इंजिनिअरकडूनच घ्या. नाशिक भूकंपाच्या झोन ३ मध्ये धरतात. कॉलमला किती सळई हे मी सांगू नये आणि तुम्ही मला विचारू नये. "इंजिनिअर कशाला, मीच सांगतो ना" म्हणणारा मिस्त्री भेटला तर चहा पाजा आणि नमस्कार करा.

काम कधी काढायचं

दिवाळी झाली की पाया खणायला घ्या. माती वाळलेली असते, विहिरी-बोअरला पाणी असतं, ऊन बेताचं असतं. हिशेब असा ठेवा की स्लॅब होळीच्या आत पडावा आणि बाहेरचा गिलावा मेअखेर उरकावा. पावसाळ्यात आतली कामं चालतात, पण उघडा पाया आणि उघडी भिंत पावसात सोडू नये.

मजुरांचं वेळापत्रकही समजून घ्या. आपल्याकडे बिगारी पेठ, सुरगाणा, हरसूलकडून येतात. होळी-शिमग्याला ते गावी जातात, लग्नसराईत जातात आणि जूनचा पाऊस पडला की भाताच्या आवणीला, म्हणजे लावणीला, जातात. यात त्यांची चूक काही नाही, त्यांची शेती आहे. पण "स्लॅब होळीच्या दुसऱ्या दिवशी टाकू" असं म्हणणारा ठेकेदार तुम्हाला फसवतोय नाहीतर स्वतःला. २०२६-२७ ला सिंहस्थ आहे, तेव्हा शहरातली मोठी कामं माणसं ओढणार, हेही धरून चाला.

मिस्त्रीशी बोलणं

काम दोन तऱ्हेनं देता येतं, नुसतं लेबर रेटने किंवा मालासकट. तुम्ही रोज साइटवर येऊ शकत असाल तर लेबर रेट बरा. सातपूर-अंबडला शिफ्टची नोकरी असेल, घरचं दुसरं कुणी बघणारं नसेल, तर मालासकट द्या, पण सिमेंट कुठलं, सळई कुठली, वीट कुठली ते कागदावर घ्या.

भांडणं भावावरून होत नाहीत, मोजणीवरून होतात. जिना कसा मोजणार? बाल्कनी पूर्ण की अर्धी? छज्जे, पाण्याची टाकी, कंपाउंड यात धरलंय का? मिक्सरचं भाडं कुणाचं, परांचीचे बांबू कुणाचे? आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाणी मारायला, म्हणजे नवं काँक्रीट ओलं ठेवायला, माणूस कोण देणार? हा शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही. मग ठेकेदाराला वाटतं मालक मारेल, मालकाला वाटतं ठेकेदार मारतोय, आणि स्लॅब उन्हात तापत पडलेला असतो.

पैसे झालेल्या कामाचे द्या. आठवड्याला खर्ची लागते, उचल लागते, ती द्यावीच, कारण माझ्या माणसांची चूल त्यावर पेटते. पण उचल कामाच्या पुढे जाऊ देऊ नका. थोडी रक्कम पहिल्या पावसापर्यंत मागे ठेवा. हे मी स्वतःच्याच पोटावर पाय देऊन सांगतोय.

फक्की, गुण्या आणि जोत्याची उंची

लाइन आउटच्या दिवशी, म्हणजे जमिनीवर घराची आखणी करतात तेव्हा, फक्कीच्या पांढऱ्या रेघा टाकल्या की घर पहिल्यांदा दिसतं. बायका म्हणतात, "एवढंच होय?" घाबरू नका. फक्कीत घर नेहमी लहान दिसतं, भिंती चढल्या की मोठं होतं.

कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का ते स्वतः तपासा. एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट खूण करा, दोन खुणांमध्ये बरोबर पाच फूट भरले पाहिजेत. मोठ्या मापाला सहा, आठ आणि दहा घ्या. मग समोरासमोरच्या कोपऱ्यांत टेप लावून दोन्ही कर्ण मोजा. फरक असेल तर तिथेच दुरुस्त करा. इथे दोन इंच चुकलं तर पुढे फरशीवाला प्रत्येक खोलीत तिरपा तुकडा कापत बसतो आणि तो तुकडा तुम्हाला आयुष्यभर दिसतो.

जोतं किती उंच ठेवायचं? आजच्या रस्त्याकडे बघून ठरवू नका. रस्ता दर डांबरीकरणाला थोडा चढतो. जुन्या नाशकात काही घरांना आता दोन पायऱ्या उतरून आत जावं लागतं, आणि ती बांधली तेव्हा चढून जायची होती. नियमात बसेल तसं रस्त्यापेक्षा दोन-अडीच फूट वर राहा. गाडी चढवायला उतार लांब करावा लागेल, तो करा.

पाया, आणि माझी एक चूक

पाया मुरमापर्यंत किंवा कातळापर्यंत न्यायचा, खाली चार इंच पीसीसी, म्हणजे बिनसळईचं काँक्रीट, त्यावर सळईची जाळी. जाळी कव्हर ब्लॉकवर, म्हणजे सिमेंटच्या ठोकळ्यांवर, उचललेली पाहिजे. कव्हर म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर. फुटिंगला, म्हणजे कॉलमखालच्या बैठकीला, ते ५० मिलिमीटर लागतं, कॉलमला ४०, बीमला २५, स्लॅबला २०. दगडाच्या कपच्या किंवा विटेचे तुकडे खाली सरकवणारे अजून आहेत. तुकडा पाणी ओढतो, सळईपर्यंत पोचवतो. सिमेंटचे ठोकळे आधीच पाडून, पाण्यात ठेवून, वाळवून तयार ठेवायचे. किती लागतील ते मोजून दुप्पट पाडा.

आता चूक. स्वतःची कामं घ्यायला लागलो त्या सुरुवातीच्या वर्षांत म्हसरूळकडे एक घर बांधलं. पाया नीट खोल नेला, कॉलम उत्तम. जोत्यात भराव टाकायची वेळ आली तेव्हा पायातून निघालेली काळी माती तिथेच ढिगाने पडलेली. मुरमाच्या गाड्या वाचतील म्हणून तीच आत लोटली, वर थोडा मुरूम पसरला आणि कोबा केला. पहिल्या पावसाळ्यात काही झालं नाही. दुसऱ्या पावसाळ्यात मालकांचा निरोप आला. गेलो तर हॉलच्या मधली फरशी अशी उचललेली, की पाण्याचा तांब्या ठेवला तर कलंडत होता. आतलं दार फरशीला घासून अर्ध्यात अडत होतं. घराच्या सांगाड्याला काही झालं नव्हतं, नुसती माती फुगली होती. मालक ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. सगळी फरशी काढून, माती उपसून, मुरूम भरून दिला, आणि त्या वर्षीची माझी कमाई तिथेच गाडली गेली.

तेव्हापासून पायातली काळी माती मी आधी प्लॉटबाहेर पाठवतो, म्हणजे मोह होत नाही. भराव मुरमाचाच. सहा ते नऊ इंचांचा थर टाकायचा, पाणी सोडायचं, धुम्मसाने ठोकून दाबायचा, मग पुढचा थर. तीन फूट भराव एका दिवसात भरून झाला असं कुणी म्हणालं तर तो नुसता ओतलाय.

माल: फर्मा, वाळू, सिमेंट

सिमेंटच्या गोणीवर भरल्याचा आठवडा किंवा महिना छापलेला असतो. तीन महिन्यांच्या पुढची गोणी आरसीसीला घेऊ नका. ठेवताना लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हात सोडून, दहापेक्षा जास्त थप्पी नको. पावसाळी हवेत गोणीत हात घालून बघा. गार आणि मऊ लागलं तर ठीक, बोटाला खडे लागले तर ती गोणी बाजूला.

वाळू आता बहुतेक क्रश सॅण्डच, म्हणजे दगड भरडून केलेली, येते. ती वाईट नाही, पण प्लास्टरची वेगळी आणि काँक्रीटची वेगळी असते, आणि गाडीवाला जी असेल ती टाकून जातो. मूठभर घेऊन तळहातावर चोळा आणि झटका. हात पिठाच्या गिरणीत घातल्यासारखा पांढुरका राहिला तर धूळ जास्त आहे. नदीची वाळू असेल तर काचेच्या बाटलीत अर्धी भरा, पाणी आणि चिमूटभर मीठ टाकून हलवा आणि तीन तास ठेवा. वर गाळाचा वेगळा थर बसतो. दहा सेंटीमीटर वाळूवर आठ मिलिमीटरपेक्षा जाड गाळ दिसला तर गाडी परत. गाडी ब्रासवर येते, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. गाडीच्या हौदाची लांबी-रुंदी-उंची टेपने मोजा, लाजू नका. ओली वाळू फुगलेली असते, चौथा हिस्सासुद्धा नुसता फुगवटा असू शकतो, म्हणून भिजलेल्या वाळूचं माप थोडं जास्त घ्यावं लागतं.

मापाला फर्मा करून घ्या. सुताराकडून आतून १२ बाय १२ बाय १५ इंचांचा लाकडी खोका, दोन्ही बाजूंना धरायला मुठी. त्यात सव्वा घनफूट बसतं, म्हणजे एका गोणीएवढं. एम २० ताकदीच्या काँक्रीटला एक गोणी, दीड फर्मा वाळू, तीन फर्मे खडी. घमेल्याने मोजलं तर सकाळचं घमेलं आणि दुपारचं घमेलं सारखं भरत नाही. सकाळी शिगोशीग असतं, जेवणानंतर माणूस दमतो.

राहिलं पाणी. गोणीला २५ लिटरच्या आसपास, वाळू ओली असेल तर त्याहून कमी, आणि ३० च्या वर कधीच नाही. तुमची बादली किती लिटरची आहे ते आधी मोजून तिच्यावर रंगाने रेघ मारा.

सळईत फार सांगत नाही. आम्ही अजून सुतात बोलतो. तीन सूत म्हणजे १० मिलिमीटर, चार सूत १२, पाच सूत १६. १२ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळई साधारण साडेदहा किलोच्या वर भरली पाहिजे, ८ ची पावणेपाच किलोच्या आसपास. दोन-चार सळया उचलून वजन करा. मुख्य सळयांभोवतीच्या रिंगेचे हुक आत काँक्रीटकडे वळलेले पाहिजेत, नुसते काटकोनात दुमडलेले नकोत. फिटरला हे आवडत नाही, कारण वेळ लागतो.

स्लॅबचा दिवस

स्लॅबच्या दिवशी मालक वर उभे राहतात, नारळ फोडतात, फोटो काढतात. फोटो काढा, पेढे वाटा, मग खाली या आणि मिक्सरपाशी उभे राहा. घराचं बरंवाईट तिथे ठरतं.

सकाळी सगळं मापात चालतं. अकराच्या पुढे ऊन चढलं की वरून आवाज येतो, "माल जड येतोय रे!" मिक्सरवाला कुणाकडे न बघता बादली उचलतो आणि अर्धी जास्त ओततो. लगेच माल पळायला लागतो, थापी लोण्यावरून फिरावी तशी फिरते आणि सगळे खूश. काम दोन तास लवकर संपतं. मी तरुणपणी हे स्वतः केलंय, म्हणून सांगतो. ते जास्तीचं पाणी पुढे उडून जातं आणि जाताना बारीक वाटा सोडून जातं. त्याच वाटांनी तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात वरचं पाणी खाली येतं. बघायचं कसं? घमेल्यातून ओतलेल्या मालाने ढीग धरला पाहिजे. डाळीसारखा पसरला, खडी वेगळी घरंगळली आणि वर दुधासारखं पाणी आलं, की तो माल पातळ आहे. तयार काँक्रीटची गाडी मागवली तरी हेच. तिचा ड्रायव्हरही विचारतो, "पाणी मारू का?" नाही म्हणायचं.

काँक्रीट हलवून बसवणारा व्हायब्रेटर पाहिजेच, आणि त्याची एक जास्तीची निडल, म्हणजे काँक्रीटमध्ये घालायची नळी. ती सरळ उभी घालायची, बुडबुडे थांबले की हळू काढायची. सळईला टेकवून माल ढकलायला वापरत असतील तर थांबवा.

आता बाल्कनी आणि छज्जा. खोलीवरच्या स्लॅबला पोटात ताण येतो, म्हणून तिथे मुख्य सळई खाली. पुढे लोंबणाऱ्या छज्ज्याला पाठीत ताण येतो, म्हणून त्याची सळई वर. दिवसभर घमेली घेऊन माणसं त्याच वरच्या सळईवरून ये-जा करतात आणि ती दबून खाली जाते. संध्याकाळी वरून सगळं गुळगुळीत दिसतं, आत सळई चुकीच्या जागी असते. म्हणून खाली आधाराला सळईच्या खुर्च्या जवळजवळ लावा, चालायला फळ्या टाका, आणि छज्ज्यावर माल पडायच्या आधी एकदा स्वतः सळई उचललेली आहे का बघा. मला एवढी एकच गोष्ट सांगायची परवानगी असती तर मी हीच सांगितली असती.

टेकू काढायची घाई नको. पंधरा फुटांच्या आतल्या स्लॅबला निदान सात दिवस, वीस फुटांच्या आतल्या बीमला चौदा, त्यापुढे एकवीस. मी स्लॅबलाही चौदा ठेवतो, आणि डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत काँक्रीट सावकाश पकडतं म्हणून आणखी थोडे. छज्ज्याचे टेकू सगळ्यात शेवटी, तेही टोकाकडून भिंतीकडे काढत यायचं. स्लॅबखालचा साचा लावणाऱ्या सेंट्रिंगवाल्याला त्याच्या फळ्या दुसऱ्या साइटवर न्यायच्या असतात. त्याचा फोन मिस्त्रीकडे द्या.

पाणी मारणं

दुसऱ्या दिवशी सकाळी स्लॅबवर आळी करा, दोन-दोन इंच उंचीची, आणि पाणी साठवून ठेवा. राख मिसळलेलं पीपीसी सिमेंट असेल तर दहा दिवसांच्या आत थांबू नका, चौदा केलेत तर उत्तम. कॉलमला गोणपाट गुंडाळून तो ओला ठेवायचा, नुसता पाइप फिरवून उपयोग नाही, कारण उभ्यावरून पाणी लगेच ओघळतं आणि तासाभरात कॉलम कोरडा.

माझ्या पाहण्यातलं सगळ्यात चांगलं पाणी एका आजींनी मारलं. मुलगा कंपनीत, सून शाळेत. आजी शेजारच्या भाड्याच्या खोलीतून दिवसातून चार वेळा येऊन प्रत्येक कॉलमच्या गोणपाटाला हात लावून बघायच्या. मला म्हणायच्या, "मिस्त्री, तान्ह्या पोराचं लंगोट बघावं तसं बघते. फक्त इथे ओलं पाहिजे." त्या घराच्या कॉलमवर पुढे विजेच्या वायरीचं कंड्यूट टाकायला छिन्नी मारली तर हातोडा उडत होता.

वीट आणि गिलावा

वीट हातात घेऊन दुसरीवर वाजवा, खणखणीत आवाज आला पाहिजे. कमरेच्या उंचीवरून मातीवर टाका, फुटायला नको. नखाने ओरखडा उठायला नको. मातीची वीट लावायच्या आधी भिजवलीच पाहिजे, नाहीतर ती सिमेंट-वाळूच्या मसाल्यातलं पाणी ओढते आणि सांधा पिठासारखा राहतो. आपल्याकडे एकलहऱ्याच्या वीज केंद्रामुळे राखेच्या विटा भरपूर मिळतात. त्या मापाला सरळ असतात, गिलावा कमी लागतो. त्यांना आणि हलक्या ब्लॉकला मात्र चिंब भिजवू नका, वरून पाण्याचा हात मारला की पुरे. दिवसाला चार-पाच फुटांपेक्षा भिंत चढवू नका. ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, प्रत्येक चार थरांना लावला गेला पाहिजे. दोरी थांबून शांत होते तोवर मिस्त्री गप्प उभा राहतो का, यावरून मी नवीन गवंडी ओळखतो.

कॉलम आणि विटेच्या सांध्यावर गिलाव्याआधी कोंबडीजाळी ठोका. ती नसेल तर तिथे उभी रेघ पडणारच.

आपला पाऊस पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. त्यामुळे ओल आधी पश्चिमेच्या भिंतीला धरते. बजेट तोकडं असेल तर चारही बाजूंना मध्यम काम करण्यापेक्षा पश्चिमेची भिंत नीट करा. बाहेरचा गिलावा दोन हातांत, पहिला हात खरवडून ठेवायचा, दुसरा त्यावर. खिडकीवरच्या छज्ज्याच्या पोटाला पुढच्या कडेला अर्ध्या इंचाची पन्हळ पाडून घ्या, म्हणजे पाणी तिथेच टपकतं, पोटाला चिकटून चौकटीपर्यंत येत नाही. आणि गिलावा ओला वाटला की त्यावर कोरडं सिमेंट भुरभुरून रंधा, म्हणजे गिलावा सपाट करायची फळी, मारायची एक वाईट सवय आमच्यात आहे. त्याने कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. दिसलं तर टोका.

संडास, बाथरूम, गच्ची

इथे क्रम महत्त्वाचा. आधी प्लंबरने सगळे पाइप टाकायचे, भिंतीत पाइपांसाठी खोदलेल्या खाचा बुजवायच्या, मग वॉटरप्रूफिंग, मग पाणी भरून अठ्ठेचाळीस तास ठेवायचं आणि खालून छताला रोज हात लावून बघायचं. पाणी भरलं तेव्हा खडूने पातळीची खूण करा. त्यानंतर फरशी. वॉटरप्रूफिंग झाल्यावर "फक्त एक नळ सरकवायचाय" म्हणून कुणी छिन्नी घेऊन आला, तर कोपऱ्यातलं सगळं काम पुन्हा. आणि तो माणूस नेहमी येतो.

गच्चीला दर दहा फुटाला सव्वा इंच उतार तरी पाहिजे. विटेच्या तुकड्यांचा कोबा करत असाल तर तुकडे आधी भिजवलेले, आणि भिंत व गच्ची जिथे मिळतात तिथे काटकोन न ठेवता गोलाई द्यायची. पाणी जायला चार इंची पाइप, एक नाही, निदान दोन. एक पानांनी तुंबतो.

पहिला पाऊस

जूनचा पहिला नीट पाऊस झाला की मला फोन करा. मी छत्री घेऊन येतो. आपण दोघं गच्चीवर जाऊ, पाऊस थांबल्यावर अर्धा तास थांबू. जिथे पाणी उभं राहिलंय त्याच्याभोवती खडूने गोल करायचा. खाली उतरून पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावायचा, बाथरूमखालच्या छताकडे टॉर्च मारायचा, आणि जोत्याभोवती फिरून बघायचं की पाणी घराकडे येतंय का गटाराकडे जातंय. गोल कोरडे व्हायच्या आत मोबाइलमध्ये फोटो घ्या. तुम्ही मागे ठेवलेल्या पैशांचा हिशेब त्या फोटोंवर करू.